दसऱ्याच्या आत सही

३ ऑक्टोबर १९५८
निश्चय केला. यापुढे ट्रकचं काम तोंडी चालणार नाही. भिलाईत एवढा कारखाना उभा राहतोय, रशियन इंजिनिअर कागदाशिवाय खिळा ठोकत नाहीत म्हणे, आणि मी देवाजीला नुसतं ‘उद्या ये रे’ म्हणून ड्रायव्हर ठेवलाय. हे गेल्यापासून माझ्या पोटाला हा एक ट्रक. खदानीतून गिट्टी भरायची, साइटवर ओतायची. तीन दिवस ट्रक दिसला नाही तर ठेकेदार यादीतून ट्रकचा नंबर कापतो. ट्रक पुष्कळ, ड्रायव्हर थोडे. मालक एकमेकांचे ड्रायव्हर फोडतात.
म्हणून अ‍ॅग्रीमेंट. दसऱ्याच्या आत सही.

५ ऑक्टोबर, दुपार
मसुदा तयार. तेरा कलमं. मार्जिन सुरेख सुटलं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा माझी वही वर धरून वर्गाला दाखवायची. आज ती हवी होती.
कलम चार : ड्रायव्हरने दुसऱ्या मालकाकडे जाऊ नये. कलम नऊ : ड्रायव्हरने बॉनेटवर लुंगी वाळत घालू नये. कलम अकरा माझं लाडकं : दसऱ्याला ड्रायव्हरने स्वतः ट्रकची पूजा करून नारळ फोडावा. गोंदियाला आमचा जुना ड्रायव्हर नारळ फोडायचा तेव्हा ह्यांचे डोळे भरून यायचे.

७ ऑक्टोबर
देवाजीने कागद दोनदा वाचला. सही केली नाही. म्हणाला, दसऱ्याला त्याला नागपूरला जायचं आहे. दोन वर्षांपूर्वी ज्या मैदानावर दीक्षा घेतली तिथे. आणि पूजा, नारळ हे तो आता करत नाही.
मी समजावलं, धर्म तू बदललास, ट्रकने नाही. मला हे उत्तर फार आवडलं. तो हसला नाही. मग मी सांगितलं की कॉन्व्हेंटमध्ये आम्हीही चॅपलमध्ये गुडघे टेकायचो, आमचं काय बिघडलं?
“तुमी लहान होत्या, बेबीताई,” तो म्हणाला. “मी समजून-उमजून घेतली हाय.”
थकलाय बिचारा. गिट्टीची धूळ डोक्यात जाते.

९ ऑक्टोबर
स्वयंपाक करता करता गयाबाई म्हणाली, अकरावं तेवढं खोडा. म्हटलं, कायद्यात असं एकेक कलम उसवत नाहीत. ती म्हणाली, मग सगळंच उसवंल. तिला कायदा कळत नाही.

१२ ऑक्टोबर
कीर्ती पसरली! चंपतराव आले होते, तीन ट्रकांचे मालक. एका नव्या ड्रायव्हरसाठी माझ्याच हातचं अ‍ॅग्रीमेंट पाहिजे. नावाची जागा रिकामी ठेवा म्हणाले, मागाहून भरू.
त्यांनी विचारलं, ड्रायव्हर खूश राहावा म्हणून काय काय लिहावं? अशा बाबतीत माझा सल्ला कोणीही घ्यावा. सांगितलं, पाठ दुखते म्हणून सीटला कापसाची गादी. त्याची बायको साइटवर मजुरीला जात असेल तर केबिनमध्ये तिला जागा. सकाळचा चहा गुळाचा. उदाहरणं सगळी देवाजीची आणि त्याच्या शेवंताची दिली. दुसरा ड्रायव्हर मला माहीत कुठे आहे?
शेवटी त्यांनी दोन गोष्टी स्वतःहून घालायला लावल्या : दसऱ्याला नागपूरला जायची रजा, आणि पूजेची सक्ती नाही. लिहिलं. पण मनात आलं, असे मालक ड्रायव्हरला डोक्यावर बसवतात.
अक्षराचं फार कौतुक केलं त्यांनी.

१७ ऑक्टोबर
देवाजी वेळेवर येतो, ट्रक धुतो, जातो. नजर वर करत नाही. चहा पुढे केला तर म्हणाला, झाला. आज त्याने पुन्हा विचारलं, अकरावं काढून राहिल्या का? म्हटलं, नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, ठीक हाय.
ठीक म्हणाला! म्हणजे तयार आहे. झेंडूची ऑर्डर दिली.

२१ ऑक्टोबर
संध्याकाळी देवाजीने ट्रक घासूनपुसून अंगणात लावला. चावी ओट्यावर ठेवली, हात जोडले. पूजेत ठेवायला आणून दिली असणार. किती समज! बॉनेटवरची लुंगीसुद्धा घडी करून घेऊन गेला. कलम नऊ सहीच्या आधीच पाळायला लागला.
गयाबाई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. काय बघतेस विचारलं तर आत गेली.

२२ ऑक्टोबर, दसरा
हार घातले. देवाजी आला नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. शेवटी पूजा मी केली. नारळ माझ्याच्याने फुटेना, गयाबाईने फोडला. नागपूरला गेला असेलच तर उद्या येईल. सही बाकी आहे, ती काय पळते?

२३ ऑक्टोबर
आला नाही. गाडीला गर्दी असेल. तरी खबरदारी म्हणून गयाबाईला खुर्सीपारच्या वस्तीभर ड्रायव्हर शोधायला पाठवलं. सगळे कुणाचे ना कुणाचे. जेवण गेलं नाही.

२४ ऑक्टोबर
सकाळपासून कान रस्त्याकडे. दहाच्या सुमाराला हॉर्न. देवाजीचाच, दोन छोटे, एक लांब. धावत गेले. ट्रक चंपतरावांचा. देवाजी खाली उतरला. केबिनमध्ये शेवंता, आणि सीटला नवी गादी.
“जयभीम, बेबीताई. काम सोडून गेलो, तं सांगून तरी ये म्हणे शेवंता.”
म्हटलं, कलम चार वाचलं होतंस ना?
“सही कुठं केली व्हती त्याच्यावर?” मग म्हणाला, “तुमचा दुसरा कागद लय चांगला हाय. तसाच मले देला असता, तं मी कायले गेलो असतो?”
ट्रक गेला. संध्याकाळी ठेकेदाराचा मुन्शी सांगून गेला, नंबर कापला.
एक मात्र नोंदवून ठेवते. मी केलेल्या दोन अ‍ॅग्रीमेंटांपैकी एकावर सही झाली. पहिल्या प्रयत्नात पन्नास टक्के वाईट नाहीत.

२६ ऑक्टोबर
ट्रक अंगणातच. हार सुकले. गयाबाईने बॉनेटवर वड्या वाळत घातल्यात. पत्रा छान तापतो म्हणते. रागवायला उठले, मसुदा काढून पाहिला, परत बसले.
कलम नऊ फक्त ड्रायव्हरला लागू आहे.