हातपंपाची मिटिंग आणि मंदाचे बाळंतपण

भेस्तान, सुरत
७ मार्च १९९८

ती. सौ. इंदुबाई जाऊबाईंच्या पायांवर धुरपदाचे डोके. सासूबाईंचा दमा, तुमचे गुडघे आणि काळ्या गाईची धार, तिन्ही ठीक असतील अशी आशा. इकडे आमची मंदा आणि तिची सतरा दिवसांची लेक सुखरूप आहेत. पोरीचे नाक आजोबांवर गेले आहे, पण अजून लहान आहे, सुधारेल.

तुमचे पत्र पोचले. हातपंपाचा ठराव पंधरा तारखेच्या पंचायतीच्या मिटिंगला येणार आणि सरपंच पंप स्वतःच्या गोठ्याशेजारी बसवणार, हे वाचून माझे डोके फिरले. मागच्या मिटिंगला माझ्या खुर्चीत आमचे हे, म्हणजे तुमचे दीर, बसले (मेंबर मी, निवडून आले मी, भजी खाल्ली त्यांनी) आणि खालच्या वस्तीला न विचारता मान डोलावून आले. तिथल्या बाया अजून नाल्यात झिरे उकरून पाणी भरतात. त्यांनी मला मते दिली ती काय भज्यांसाठी?

याच विचारात परवा मी बाळ-बाळंतिणीच्या धुरीच्या शेगडीत ओवा टाकत राहिले, टाकतच राहिले. असा धूर झाला की शेजारच्या चंचलबेन "आग लागी, आग लागी" करत बादली घेऊन आल्या, पाठोपाठ अख्खी चाळ. एका बादलीत शेगडी विझली, दुसरीत मी भिजले. (मंदा बाळाला घेऊन दाराशी उन्हात बसली होती म्हणून वाचली. लूमवर रात्रपाळी करून आलेले जावई धुरातही घोरत होते.) एवढ्या बाया आयत्या जमलेल्या पाहून मला राहवेना. ओल्या लुगड्यानेच मी पंपाचे सगळे भाषण म्हणून घेतले. चंचलबेन म्हणाल्या, "बेन, तमे जाओ ज," म्हणजे तुम्ही जाच. मंदा म्हणाली, "माय, तू जाय. मनी काळजी नको करू."

सव्वा महिना व्हायच्या आत लेकीला टाकून निघायला जीव धजत नाही. पण पंप गोठ्याशी गेला तर खालच्या वस्तीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. म्हणून ठरवले आहे, मी येणार. आणि हात वर करायचा तो माझा मीच करणार.

तुमची धाकटी जाऊ,
धुरपदा (मेंबर)

ता. क. तेरा तारखेच्या पॅसेंजरने तुमच्या दिरांना इकडे बसवून द्या. नात फार आठवण काढते म्हणावे. ते इथे पोचले की मी चौदाला निघते.

आणखी ता. क. बाळाला न्हाऊ चंचलबेन घालतील. लंगोट, दुपटी, गरम पाणी आणि मंदाची अळिवाची खीर तेवढी तुमच्या दिरांकडे. हे त्यांना आधी सांगू नका. माझ्या खुर्चीत बसायची त्यांना सवय आहेच. चार दिवस माझ्या मोरीतही बसू देत.