हिराकसाचं पाणी

११ ऑक्टोबर १९८२, सोमवार
भेंडी पिवळी पडतेय! चवळीसुद्धा. आणि सगळी कोवळी पानंच.
बाबा आज वाफ्यापाशी नुसते उकिडवे बसून होते. संपाला नऊ महिने होतील. गिरणीच्या रंगखात्यात राबलेला माणूस, हात गप्प बसेनात — म्हणून चाळीमागचं जुनं गोदाम पाडलं ती जागा मालकाकडून मागून घेतली. डबर उपसलं, बी टाकलं. आणि आता हे!
जेवताना आईला म्हणाले, "ह्यां पीक गेलां तर दिवाळीनंतर सगळीच गावाक जावया."
सगळीच. म्हणजे मीही. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष खलास.

१२ ऑक्टोबर
शेजारचे लवूकाका आले. तेही संपावरच. "केवडा रोग हा. उपटून टाक सगळं, नाहीतर पसरेल." बाबा वाकलेच उपटायला!
"बाबा, थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की दोन खिडक्या उघडल्या. केवड्यात पानाच्या शिरा पिवळ्या होतात. इथे उलटं — शिरा हिरव्या, मधलं पिवळं! उजेडात पान धरून दाखवलं.
"पुस्तकात असेल तसं," लवूकाका.
बाबांनी पान माझ्या हातातून घेऊन पुन्हा उजेडात धरलं. उपटलं मात्र नाही.

१३ ऑक्टोबर
सबनीस बाई आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवतात. पान हातात घेतलं न घेतलं तोच — "लोह कमी पडतंय. जमिनीत चुना आहे का?"
चुना! गोदामाच्या भिंती चुन्याच्याच होत्या. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. मग पानांवरूनच पाजायचं! फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम, थोडा लिंबाचा रस, उन्हं उतरल्यावर फवारायचं.
घरी धावत आले. बाबांना नावच कळेना. म्हटलं, "हिरवे खडे असतात बघा, जुने झाले की गंजासारखे तांबूस —"
"हिराकस!" बाबा ताडकन उभे. "अगो, बावीस वर्सां ह्याच हातांनी खाकी रंगाक घातलंय!"
हा आवाज कितीतरी महिन्यांनी ऐकला.

१४ ऑक्टोबर
दोघं भुलेश्वरला. काष्ठौषधीवाल्याने तांबूस खडे पुढे केले. बाबांनी एक उचलला, बोटात चुरला. "हा मेलेला माल. हिरवा दे." तो मुकाट आत गेला आणि हिरवा घेऊन आला!
संध्याकाळी ढेकणांच्या औषधाचा पंप तीनदा साबणाने धुतला. मी माप शोधत होते तोवर बाबांनी मूठभर हिराकस बादलीत टाकलासुद्धा. "रंगाऱ्याचो हात चुकणा नाय." पहिली रांग फवारलीही.

१५ ऑक्टोबर
चुकला. पहिल्या रांगेची पानं करपली, काळे डाग. लवूकाकांनी पाहिलं आणि मान हलवत निघून गेले. ते जास्त लागलं बाबांना.
दुपारी स्वतःच म्हणाले, "तुझ्या मापान करूया."

१६ ऑक्टोबर
लालबागला शांतामावशीचं मसाल्याचं दुकान, तिथला छोटा तराजू आणला. मोजून पाच ग्रॅम, मोजून लिटर. बाबा प्रत्येक पान उलटं करून खालूनही भिजवत होते, जसं काही लेकराला अंघोळ! शेवटची रांग मुद्दाम तशीच ठेवली. फरक कळायला हवा ना.

१९ ऑक्टोबर
काही नाही. देवा.

२१ ऑक्टोबर
ठिपके!!! हिरवे ठिपके! जिथे जिथे थेंब बसला तिथे तिथे पिवळ्या पानावर हिरवा ठिपका! आधी बाबांना दिसले. गॅलरीखालून हाक — "मंजू! अगो मंजुळा!" — अख्खी चाळ डोकावली. आई पिठाच्या हातांनीच खाली आली. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

२ नोव्हेंबर
दुसरी फवारणी झाली. वाफा हिरवागार, करपलेल्या रांगेलाही नवी पालवी, फक्त शेवटची रांग पिवळी. लोक बघायला येतात, बाबा समजावतात — "शीर हिरवी का पिवळी, आधी ह्यां बघा!" अगदी सबनीस बाई! पहिली भेंडी लवूकाकांच्या घरी दिली. ते दारात घुटमळले. मग म्हणाले, "मंजू, माझ्या कुंडीतल्या मिरचीचं जरा बघशील?"
आता कुठली गावाला जाते मी!

१८ नोव्हेंबर
बाबांनी गावी काकांना पत्र टाकलं: घरामागची पडीक जमीन नांगरून ठेवा. "चुन्यात भेंडी आणली गो, मग आपल्या मातयेत काय येवचा नाय?" संप मिटला तरी गिरणीत परत जाणार नाहीत. आई-बाबा जाणार. मी शांतामावशीकडे राहून शिकायचं.
"आणि तिकडे पान पिवळं पडलं तर?" मी विचारलं.
"पाकिटात घालून धाडतलंय. तू वाच आणि कळव."