कॅरिअर बसत नाही

माय, तुझ्या जिनिंगच्या जागी आता मंगल कार्यालय झालंय. काल तिथं लग्नाला गेले होते. पंगतीत बसले खरी, पण अर्ध्या ताटावरून उठले, आणि आज लिहायला बसलेय.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत एसटी कधी बंद होईल याचा नेम नव्हता, आणि माझी शाळा मानवतला, गावापासून दीड कोसावर. म्हणून सायकल घ्यायची ठरली. हंगामभर जिनिंगमध्ये कापूस निवडून तू हजार रुपये साठवलेस आणि घरूनच बजावलंस, "हजारात बसंल तीच. वर एक रुपया न्हाई." मला मात्र हवी होती ती नवीन आलेली, जाड टायरची, सरळ हँडलची. "डोंगरातबी चालते ही," दुकानदार म्हणाला. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "डोंगर कुठं हाय गं आपल्याकडं?" गिअरची चौदाशेला होती. वरचे पैसे पुढच्या हंगामाला दिले तरी चालतील, असं तो म्हणाला तेव्हा मी तुझा पदर ओढला. तू हलली नाहीस. शेवटी त्यातलीच बिनगिअरची, साडेनऊशेची घेतली. मी तोंड फुगवून उभी.

उरलेल्या पन्नासात कॅरिअर येत होतं. तू खुशीत म्हणालीस, "लाव भाऊ. मलाबी जिनिंगपतुर सोडंल पोरगी." एवढी झोकदार सायकल, आणि मागे तू, केसांत कापूस घेऊन बसलेली. मला नुसत्या कल्पनेनंच लाज वाटली. मी म्हणाले, "माय, ह्या सायकलीला कॅरिअर बसत न्हाई." दुकानदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काढलेलं कॅरिअर परत खुंटीला अडकवलं. "बसत न्हाई तर ऱ्हाऊ दे," म्हणून त्या पैशांत तू मला हवा भरायचा पंप घेऊन दिलास.

पुढं शाळा संपेपर्यंत एकाच रस्त्यानं तू चालत आणि मी सायकलवर. मी घंटी वाजवली की तू कडेला सरायचीस आणि सोबतच्या बायांना सांगायचीस, "माझी हाय ती." मला ते ऐकू यायचं. मी एकदाही थांबले नाही.

तू गेलीस त्या वर्षी मी त्याच सायकलीला कॅरिअर लावून घेतलं. पाच मिनिटांत बसलं. ते बसतं हे मला त्या दिवशी दुकानातही ठाऊक होतं.

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. हेही मीच वाचलं असतं, माय, आणि कॅरिअर बसतं ती ओळ गाळली असती.