चटणीचा हात आणि नाचणीची बिस्किटं

प्रिय आईस, हैदराबादहून पायलचा नमस्कार.

मी मजेत आहे. आबांचा गुडघा काय म्हणतो?

तुझी शेंगदाण्याची चटणी लय आवडली. पण परवा ती खाऊन लॅबमध्ये गेले आणि तपासताना नाचणीच्या बिस्किटांत शेंगदाण्याचा अंश सापडला. ज्यांना दाणा बाधतो, त्यांच्यासाठीच ती करतात. सगळा माल अडला. मला रडूच आलं. सांगून टाकलं, "सर, माझ्याच हाताला चटणी असणार." दुसऱ्यांनी पुन्हा तपासलं, काही निघालं नाही. सर म्हणाले, "लपवलं नाहीस, बरं झालं."

बिस्किटं करणाऱ्या बाईंची मी फोनवर माफी मागितली. त्या आपल्या मिरजेच्याच निघाल्या! म्हणाल्या, "अगं, रविवारी जेवायलाच ये." तेव्हा आता माझं इथं कुणी नाही म्हणून झुरू नकोस.

तुझीच,
पायल