चारशे अठ्ठावन्नचा दणका

३ सप्टेंबर, हरारे
डोळ्यांच्या डॉक्टरणीने तोंडावर सांगितलं — "मोठी बंदूक बंद! उजव्या डोळ्याचा पडदा सुटत आलाय. एक जोराचा दणका बसला की गेला." एकोणीस वर्षं पाहुण्यांना शिकारीला नेताना चारशे अठ्ठावन्नची बंदूक खांद्याला लावतोय. दुसरं येतं काय मला? थकलोय.

५ सप्टेंबर, कॅम्प
हलकी तीनशे पंचाहत्तर घेऊन निघालो तर मालक कारण विचारणार, आणि घरी बसवणार.

म्हणून दुपारी शेडचं दार लावून दहा काडतुसं नव्याने भरली. आत बंदुकीची दारू निम्मीच. बाहेरून ओळखू येत नाहीत. दणका कमी. मारही कमी — पण हंगामाचे तीनच आठवडे उरलेत, आणि रानरेडा बहुतेक वेळा पाहुण्याच्या गोळीनेच पडतो. बहुतेक वेळा.

९ सप्टेंबर
मुडेंडाला सांगायला हवं. माग काढत तोच पुढे चालतो, हातात नुसती काठी. माझ्या बंदुकीच्या भरवशावर! आज मक्याचा साझा खाताना म्हणाला, "सासुरवाडीला आल्यासारखा गप्प का रे?" मी हसलो. नीच आहे मी.

१४ सप्टेंबर
पाहुण्याने घोळ घातला. रानरेड्याच्या पोटात गोळी! जखमी जनावर काटेरी जाळीत शिरलं. आता ते शोधून संपवणं आमचं काम, तसा नियमच आहे. उद्या सकाळी आत जायचं. मुडेंडा पुढे.

सांगायला दोनदा त्याच्याकडे गेलो. दोन्ही वेळा तंबाखू मागून परत आलो.

१६ सप्टेंबर, इस्पितळ
मोठ्या अक्षरांत लिहितोय.

पंधरा पावलांवरून रेडा सरळ मुडेंडावर आला. मी बार काढला. खांदा निखळेल असा दणका! रेडा मुडेंडाच्या पायाशी कोसळला. माझ्या उजव्या डोळ्यापुढे काळोख झाला, तो अजून तसाच आहे.

निम्म्या दारूचा एवढा दणका?

१७ सप्टेंबर
मुडेंडा आला. माझ्यासाठी संत्री सोलत म्हणाला, "मागच्या आठवड्यात तुझा काडतुसांचा पट्टा पुसताना एकेक काडतूस कानाशी हलवलं. आतली दारू खुळखुळत होती! पुरतं भरलेलं कधी वाजतं का? मग तुझ्या पेटीतली जुनी घातली."

"मला बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. पार जाळीच्या तोंडापर्यंत."