तपासणीआधी सांगायचं ते

नाना, आज मी एका म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याच्या फाटकावरून परत आणलं, आणि तेव्हापासून तुम्हाला सांगायला जीव नुसता उतावीळ झालाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चांगलं हातून झालं की आधी नानांना सांगू, असंच मनात येतं. तर ऐका, मधे बोलू नका.

कळसाडीचे आबा, ऊसवाले. तुम्ही गेलात तेव्हा होतात त्याच वयाचे. तीनदा लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, म्हणून घरात सांगत राहिले, उन्हाळी लागली. तुम्हीही हेच म्हणायचात आणि धण्याचं पाणी पीत बसायचात. डॉक्टरांनी आबांच्या मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी ठरवली होती. नंबर यायच्या आत आबा गायब! चाळिशीच्या मुलाला सांगून गेले, चहा पिऊन येतो. चहाला कुणी कपड्यांची पिशवी घेऊन जातं का? मी मागे धावले, तर एक पाय जीपमध्ये टाकलेला.

"घर जास पोरी," म्हणाले. "काय करतीन ते माले कोन्ही सांगंच नही. कापतीन म्हने."

तुम्हीही असेच मोठ्या शहरातल्या दवाखान्याच्या दारातून परत आला होतात आणि डॉक्टर सुट्टीवर आहेत अशी थाप आईला मारली होतीत. खरं कारण शेवटच्या दिवसांत सांगितलंत. तिथे कुणी समजावून सांगितलं नाही, आणि विचारायची तुम्हाला लाज वाटली. तोवर दुखणं फार पसरलं होतं. आबांचं तसं मी होऊ देणार नव्हते.

त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. मुलाला पाणी आणायला पिटाळलं, कारण त्याच्यासमोर त्यांच्या तोंडून शब्द निघाला नसता. मग आपल्या अहिराणीत सगळं सांगितलं. आधी लघवी करून यायचं. पाठीवर झोपायचं, अंगावर चादर असते, लागेल तेवढंच उघडं ठेवतात. लघवीच्या वाटेत बधिर करणारी जेली सोडतात, ती गार लागते, जराशी झोंबते. मग त्याच वाटेने बारीक नळी जाते, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. बाहेरून चिरणं नाही, टाके नाहीत. आत पाणी भरतात म्हणजे सगळे कोपरे दिसतात. तेव्हा जोराची लागल्यासारखं वाटतं, लाजायचं नाही, मोठा श्वास घ्यायचा. बघायला पाच-दहा मिनिटं. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी थोडी गुलाबी दिसते, पाणी भरपूर प्यायचं. पण ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर तडक इकडे यायचं. दुखतच नाही असं खोटं मी कुणाला सांगत नाही. "थोडंसं दुखी, आबा," म्हटलं.

नळी कुठून जाते ते ऐकून आबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मी थांबले नाही. नर्सिंगला गेले तेव्हा हेच शब्द बोलायची मलाही लाज वाटायची. आता धडगावकडून उतरलेल्या बायकांना मी त्यांच्या पावरी बोलीतही मोडकंतोडकं सांगते. त्या हसतात, पण तपासणी करून घेतात. नवे डॉक्टरसुद्धा म्हणतात, आधी सिस्टरना बोलू द्या. मला याचा अभिमान आहे नाना, सरळच सांगते.

तरी आबांचं गोळ्यांचंच चालू, "गोया दी दे ना. मजार देखानी काय गरज शे?"

मजार, म्हणजे आत. हा शब्द ऐकला आणि मी मनाने थेट पुरुषोत्तमनगरला. मी नऊ वर्षांची, तुमचा डबा घेऊन कारखान्यात आलेय. तुम्ही पॅनमन, रसाची साखर शिजते त्या भल्यामोठ्या टाकीपाशी उभे. टाकीच्या पोटाला छोटी गोल काच आहे. तुम्ही विचारता, दाणा धरला का गं? मी ऐटीत म्हणते, धरला असेल. आणि तुम्ही सगळ्यांदेखत खेकसता, "अंदाज नको सांगू. मजार देख!" मग काखेत धरून मला उचलता. काचेतून सोनेरी दाणे उसळताना दिसतात. मला रडूही येतंय आणि छातीही फुगतेय, कारण माझे नाना हो म्हणत नाहीत तोवर त्या टाकीतून साखर बाहेर पडत नाही.

आबांना तेच सांगितलं. म्हटलं, तुमचा ऊस माझ्या वडिलांनी शिजवला असेल. आत बघितल्याशिवाय ते काही ठरवायचे नाहीत. आबांनी टोपी वर सारली.

"पॅनमननी पोर का तू?"

"हो तर!"

"मंग चाल."

आत एक लहान गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली, दुर्बिणीतूनच काढता येईल, मग तुकडा तपासू. आबा मान वळवून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघायला लागले. "माले बी दखाड," म्हणाले. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. तुम्ही असायला हवे होतात नाना. सगळ्यांना सांगत सुटला असतात, ही आमची पोरगी.

हे पत्र टाकायला पेटी नाही. कपाटात युनिफॉर्मखाली ठेवीन. पण एक राहिलंय. इतकी वर्षं मी ज्याला त्याला सांगत आले की आमचे नाना लाजेपायी गेले. तुम्ही रक्ताचं आईजवळ बोललात त्याच्या कितीतरी आधी मी सुट्टीला घरी आले होते. सकाळी तुमच्यामागून न्हाणीत गेले, तर फरशीवर लाल दिसलं. नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं, हे उन्हाळीचं नाही एवढं मला कळत होतं. मी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि बाहेर येऊन तुम्हाला चहा दिला.