सुगतची साक्ष

पोखर्णी
१२ जानेवारी २०२५

ती. राजेश्रीताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला कळत न्हाई अन् मोबाईलच्या दोन ओळींत मावत न्हाई, म्हणून कागद घेतला. आई बरी हाय. समोर बसून ओठ हलवून बोलती, मी अंदाजानं मान डोलावतो.

कंपनीचं उत्तर आलं. आजारपणाचा पगार न्हाई, अपंगत्वाची भरपाई बी न्हाई. म्हणतेत, कान आधीपासूनच अधू होते. जहाजावर काही झाल्याची नोंदच न्हाई. ताई, इंजिनरूममधी दाबाच्या हवेचा पाइप माझ्या शेजारी फुटला. कानातून रक्त आलं. सेकंड इंजिनीअरला सांगितलं, तर त्यानं कापूस देऊन पुन्हा कामाला लावलं. तवा जवळ फक्त सुगत होता, आपला येलदरीचा. तो जूनमधी त्याच कंपनीच्या जहाजावर चढणार हाय. त्याला कशाला अडचणीत घालू? सोडून द्यावं म्हणतो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
महारुद्र

पनवेल
२० जानेवारी २०२५

चि. महारुद्र यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी पाण्याला जा म्हटलं की तू मुद्दाम बहिरा व्हायचास. कंपनीचं उत्तर वाचून तेच आठवलं, आधी हसू आलं आणि मग फार रडले.

खलाशांच्या युनियनच्या वकील अर्पिताबाईंना भेटले. चढण्याआधी कंपनीच्याच डॉक्टरांनी तुझे कान चांगले ठरवले होते, तो आधार आहे म्हणाल्या. पण इजा जहाजावरच झाली आणि तू ती साहेबाला सांगितलीस, हे बघणारा माणूस उभा राहायला हवा. तुला न सांगता मी सुगतला गाठणार नाही; तो तुझा मित्र. पण त्याला विचारायच्या आधीच त्याच्या वतीनं नाही म्हणणारा तू कोण? एकदा जाऊन ये.

आईला नमस्कार, तुला एक धपाटा.
तुझी,
ताई

पोखर्णी
३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येलदरीला जाऊन आलो. सुगत मला बघून भराभरा बोलायला लागला. मी कानाकडं बोट केलं. इतकं झालंय हे त्याला ठावं नव्हतं. त्याच्या बायकोनं, योगिनीनं, पोरीच्या पाटीवर लिहून विचारलं, कसं येणं केलं. मी सांगितलं. सुगतनं हात जोडले. पोरगी शिकायलीय, बाप अंथरुणाला. मी त्याच्या खांद्यावर थाप मारून उठलो.

येताना बसमधी कंडक्टर ओरडला असंल. शेजारच्यानं हलवलं तवा कळलं. बसमधली समदी माझ्याकडं बघायली होती. मला सुगतचा राग न्हाई. वकीलबाईंना तसं कळव.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
महारुद्र

पनवेल
१८ मे २०२५

चि. महारुद्र यास,
उदंड आशीर्वाद.

परवा लवादासमोर तू माझ्या शेजारीच बसला होतास. सुगत दारातून आत आला तेव्हा तू माझा हात केवढा आवळलास! तो काय बोलला ते गाडीच्या घाईत तुला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पाइप फुटला, तुझ्या मानेवरून रक्त ओघळत होतं, आणि तू साहेबाला सांगितलंस ते त्यानं स्वतः ऐकलं, असं तो म्हणाला. नोंद केली तर बंदरात चौकशी लागेल, म्हणून साहेबानं ती टाळली, हेही सांगितलं. कंपनीच्या वकिलानं विचारलं, मैत्रीखातर आलात का. त्यावर तो म्हणाला, मैत्री निभावली असती तर तवाच बोललो असतो. उद्या तुमचे कान गेले तर खरं सांगायला कोण येईल, असं योगिनीनं त्याला विचारलं होतं म्हणे.

काल निकाल लागला. पगार आणि भरपाई, दोन्ही मान्य झालं. आणि आजच कळलं, जूनच्या यादीतून सुगतचं नाव काढलंय. अर्पिताबाई त्यासाठीही भांडणार आहेत, पण वेळ लागेल.

आनंदाचं पत्र नीट आनंदानं लिहिता येईना, समजून घे.
तुझी,
ताई

पोखर्णी
९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे मिळाले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता माझं तोंड तिला लय साफ दिसतंय. सुगतकडं त्याचा वाटा घेऊन गेलो, तर त्यानं शिवायला बी नकार दिला. साक्ष विकल्यावानी होईल म्हणाला. त्याला अजून जहाज न्हाई, कुठलीच कंपनी बोलवत न्हाई.

मग दोघांत एक होडी घेतली. त्याच्या बापाचं नाव मच्छीमार सोसायटीत होतंच. म्या पैसा घातला, त्यानं हातची विद्या. पहाटे येलदरी धरणाच्या पाण्यात उतरतो. जाळं ओढायची वेळ झाली की सुगत होडीच्या फळीवर मूठ आपटतो. मला तळपायाला कळतं, अन् मी ओढतो.

तुझा,
महारुद्र